मी सोडलेल्या पट्ट्या

अमरावतीच्या लष्करी इस्पितळात माझी बदली झाली तेव्हा ब्रह्मदेशातली लढाई चालूच होती आणि माझा डावा गुडघा कामातून गेला होता. हुद्दा नायक, काम नर्सिंग ऑर्डर्ली. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला आघाडीवर स्ट्रेचर उचलता येत नाही, म्हणून मला मागे पाठवलं. इस्पितळ गावाबाहेर बडनेऱ्याच्या रस्त्यावर होतं. सहा लांब बराकी, एक विहीर आणि मागे दोन एकर पडीक जमीन. माझ्याकडे वॉर्ड नंबर पाच आला. त्या वॉर्डात एकालाही जखम नव्हती.

लोक मला लढाईचं विचारतात. किती मारले, बंदूक कशी होती, जपानी माणूस दिसतो कसा. मी बंदूक फार चालवली नाही, त्यामुळे या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं नाहीत. मला सांगायचं आहे ते वेगळं. त्या वॉर्डात मी एका माळणीवर जळलो, आणि त्यापायी एका शिपायाचं आयुष्य घालवता घालवता राहिलो.

तो शिपाई म्हणजे गुणवंत नाठे. अकोटजवळच्या खेड्यातला, कापूसवाल्या घरचा. मी दर्यापूरचा, मीही कापूसवाल्या घरचा. आमची पलटण एकच होती. मी तिच्या मेडिकल टोळीत, तो रायफल सेक्शनमध्ये. त्याच्या सेक्शनची सात माणसं एका टेकडीवर चार नंबरच्या पोस्टवर होती. दुपारी दोनला गोळाबारी सुरू झाली. साडेतीनला थांबली. चारला खालून वायरलेसवर हाक गेली.

‘फोर, फोर. जवाब दो. ओव्हर.’

काही नाही.

‘फोर, सुन रहे हो? ओव्हर.’

सव्वाचारला कंपनी कमांडर म्हणाले, ‘स्ट्रेचर पार्टी, जाओ.’

आम्ही चौघे चढलो. वर सहा माणसं मेलेली होती. सातवा गुणवंत. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. वायरलेसचा फोन कानाला लावून तो बसला होता. आमच्या हाका त्याला ऐकू येत होत्या आणि त्याला उत्तर देता येत नव्हतं. मी फोन त्याच्या हातातून सोडवून घेतला. चालवून पाहिलं, खालचा आवाज येत होता, पण बोलायचं बटण चालेना. त्याला दोन दिवस स्ट्रेचरवर खाली आणला. पुढची बाजू माझ्याकडे होती. माझा गुडघा त्याच उतारावर गेला.

त्यामुळे महिन्याभरानं तो वॉर्ड पाचमध्ये आला तेव्हा मी त्याला माझाच माणूस समजलो. पलंग नंबर अकरा. तो बोलत नव्हता, स्वतःहून खात नव्हता. हात मांडीवर ठेवून बसायचा आणि हात थरथरत राहायचे. साडेपाचला उठवणं, सहाला तोंड धुऊन देणं, साडेसहाला चहा पाजणं, सातला कपडे घालणं, सगळं मी करायचो. ड्यूटी दुसऱ्याची असली तरी मीच. घास भरवताना मी त्याच्याशी अकोटच्या गोष्टी बोलायचो. आज ना उद्या हा बोलेल, आणि पहिला शब्द बोलेल तो माझ्याशीच, हे मी धरून चाललो होतो. दुसरं कोण होतं त्याला?

मग नवे कॅप्टन साहेब आले. मराठीच होते, मुंबईचे, मनाच्या आजारांचं शिकून आलेले. त्यांनी पहिल्या आठवड्यात औषधाचे पेले अर्धे केले आणि वॉर्डात सुतारकीची हत्यारं, सुताच्या लडी आणि बांबूच्या कांबी आणल्या. याला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात, असं त्यांनी आम्हा ऑर्डर्लींना उभं करून सांगितलं. माणसाचं मन जेव्हा धरून राहत नाही तेव्हा आधी त्याच्या हाताला धरायला काही तरी द्यायचं. रोजचं, खरं, त्याच्या ओळखीचं काम. वेळ घालवायला नव्हे. आपल्या हातून काही होतं, हे त्याचं त्याला कळावं म्हणून. मला ते पटलं नाही. आजारी माणसाला कामाला जुंपायचं हा इलाज कसला, असं मी स्टोअरमध्ये जाऊन बोललोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सातला साहेब राउंडला आले. मी गुणवंताच्या शर्टाची बटणं लावत होतो.

‘राऊत, हात मागे.’

मी हात मागे घेतले.

‘आता तो लावेल. तू फक्त उभा राहा.’

मी घड्याळ पाहिलं. पाच बटणांना सतरा मिनिटं लागली. तिसरं बटण चुकीच्या काजात गेलं, ते त्यानं काढलं आणि पुन्हा लावलं. माझी बोटं पाठीमागे वळवळत होती. साहेब गेल्यावर मला वाईट वाटलं ते गुणवंताचं नाही, माझं. चार महिने मी ज्याला सेवा म्हणत होतो तिनं या माणसाचे हात निकामी ठेवले, असा त्याचा अर्थ होत होता. साहेबांनी तसं म्हटलं नाही. ते दाखवायला बायजाबाई होती.

बायजाबाई वरूडकडची माळीण. तिच्या नवऱ्यानं इस्पितळाच्या भाजीपाल्याचा ठेका घेतला होता, नवरा साथीत गेला, आणि ठेका तिनं चालू ठेवला. वय चाळिशीच्या पुढे, नऊवारीचा काष्टा घट्ट, हातात कायम खुरपं. साहेबांनी मागची दोन एकर तिच्या ताब्यात दिली आणि वॉर्ड पाचमधले आठ जण रोज नऊ ते अकरा तिच्या हाताखाली दिले. ती वांगी, मिरची, मेथी आणि झेंडू लावायची. विहिरीजवळ रॉकेलच्या रिकाम्या डब्यांत तिनं जंबेरीची रोपं वाढवली होती. जंबेरी म्हणजे रानटी जातीचं लिंबू. त्याच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, कोंब फुटतो तो सालीचा तुकडा, बांधला की संत्र्याचं झाड होतं. आमच्याकडे कापसाच्या रानात असली कामं नसतात. आम्ही पेरतो, निंदतो, वेचतो. एकेका रोपट्याला गोंजारत बसणं हे माळ्यांचं, असं आम्ही हसून बोलायचो.

आठ दिवसांनी ती सकाळी वॉर्डाच्या दारात आली आणि मला म्हणाली, ‘तुमचा तो अकरा नंबर बोलला ना आज.’

मी विचारलं, काय बोलला.

‘मी मेथीले पानी देऊन राहिली होती. म्हने, पानी जास्त झालं.’

वेळ नऊ वाजून दहा मिनिटं. वॉर्डाच्या रिपोर्टमध्ये ते मलाच लिहावं लागलं. त्या दिवशी माझा दुपारचा चहा तसाच राहिला. या माणसाला मी डोंगरावरून उतरवला. माझा गुडघा गेला. घास भरवले, हगणं-मुतणं काढलं. आणि पाच महिन्यांत तोंडातून पहिले शब्द निघाले ते मेथीच्या पाण्याबद्दल, एका परक्या बाईशी. मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरला नसता. मी म्हणायचो, बाई अडाणी आहे, पेशंट तिच्या ताब्यात देणं धोक्याचं आहे.

गुणवंत तिच्याशी दिवसाला दोन-चार वाक्यं बोलू लागला. वॉर्डात आला की पुन्हा गप्प. मी विचारलं तर मान हलवायचा, बस. मी एकदा मुद्दाम नऊ वाजता मागे गेलो. तो डोळकाडी हातात घेऊन उभा होता. डोळकाडी म्हणजे चांगल्या संत्र्याच्या झाडाची, डोळे असलेली काडी. बायजाबाई त्याला जंबेरीच्या सालीवर चीर कशी द्यायची ते दाखवत होती. त्याच्या हातात चाकू होता.

मी तडक साहेबांकडे गेलो. मेंटल पेशंटच्या हातात चाकू आहे, म्हणालो. साहेब म्हणाले, माहीत आहे, मीच परवानगी दिली आहे. चाकू तू स्टोअरमधून नऊला सही घेऊन द्यायचा आणि अकराला परत घ्यायचा. झालं. म्हणजे त्याच्या कामाची तयारीही माझ्याच हातून. वर आणखी एक. डोळा बांधायला मेणात बुडवलेल्या कापडी पट्ट्या लागतात, त्यासाठी माझ्या स्टोअरमधली जुनी धुतलेली बँडेजं द्यायचा हुकूम झाला. माझी बँडेजं! मी ती मोजून दिली आणि मोजताना दात खाल्ले.

एक मात्र मला दिसलं आणि मी ते तेव्हा कबूल केलं नाही. चीर देताना त्याचे हात थरथरत नव्हते.

त्यानं सात डबे निवडले. सातही खुंटांवर स्वतः डोळे बांधले. बायजाबाईला एकालाही हात लावू दिला नाही. तीन दिवस लागले. बांधून झाल्यावर ती त्याला म्हणाली ते मी ऐकलं. एकवीस दिवस पट्टीला हात लावायचा नाही. डोळ्यापाशी पानाचा देठ ठेवलेला असतो. एकविसाव्या दिवशी त्या देठाला बोट लावायचं. देठ अलगद गळून पडला तर डोळ्यानं धरलं. वाळून चिकटून राहिला तर डोळा गेला.

त्याच आठवड्यात साहेबांनी मला बोलावून मेडिकल बोर्डाची गोष्ट सांगितली. महिन्याभरानं तीन अफसरांचं बोर्ड बसणार होतं. गुणवंत स्वतःचं पाहू शकतो असं त्यांना वाटलं तर तो घरी जाईल. नाही वाटलं तर त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील, आणि तिथून परत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, असं साहेब म्हणाले. त्याची आई अकोटला होती. तिला महिन्याचं पत्र मीच लिहायचो.

आता माझी करणी सांगतो.

डोळे बांधल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी अडीच वाजता पेशंट झोपले होते. बायजाबाई भाजी घेऊन गावात गेली होती. मी विहिरीवर हात धुवायला गेलो आणि ते सात डबे दिसले. पट्ट्या ओबडधोबड बांधलेल्या. कुठे सैल, कुठे गाठ पुढे आलेली. ऑर्डर्लीच्या डोळ्याला ते बघवत नाही. ड्रेसिंग चार-चार दिवस बंद ठेवलं की आत काय चाललं आहे ते कळत नाही, जखम सडते, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. उघडून बघ, स्वच्छ कर, पुन्हा बांध. मी पहिली पट्टी सोडली. सालीचा तुकडा किंचित उचलला, खाली हिरवं होतं. पुन्हा बांधली. माझी पट्टी छान बसली, एकसारखे वेढे, गाठ बाजूला. मग दुसरी. मग सातही.

सवय होती, हे खरं. पण नुसती सवय नव्हती. बाईनं हात लावू नको म्हटलेलं मी ऐकलं होतं. त्यानं माझ्यापासून काय लपवून बांधून ठेवलं आहे ते मला बघायचं होतं. आणि माझी पट्टी त्याच्या माळणीनं शिकवलेल्या पट्टीपेक्षा चांगली असते, हे कुणाला तरी दिसावं असंही वाटत होतं.

अकराव्या दिवशी सकाळी साडेनऊला बायजाबाईनं मला हाक मारली. सात देठ वाळून काळे पडले होते आणि डब्यांसमोर जमिनीवर गुणवंत बसला होता. हात मांडीवर, हात थरथरत. मी त्याला उठवून वॉर्डात आणला. त्यानं दुपारी जेवणाकडे पाहिलं नाही. संध्याकाळी शर्टाचं एकही बटण लावलं नाही.

बायजाबाई स्टोअरपाशी आली. तिच्या हातात एक सोडलेली पट्टी होती.

‘हे वेढे इस्पितळातले होत, भाऊ. माळ्याचा हात असा बांधत नाही.’

मी मोजलेली बँडेजं पुन्हा मोजायला घेतली.

‘डोळ्याले वारा लागला की तो मरते. हे तुमाले कोन सांगन? पन मी म्हटलं होतं, हात लावाचा नाही.’ मग ती म्हणाली, ‘साह्यबाले मी नाही सांगत. अकरा नंबरले तुमीच सांगा.’

मी सांगितलं नाही. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. बोर्डाला बारा दिवस राहिले होते. साहेबांना कारण कळेना. त्यांनी गुणवंताला मागे न्यायचं थांबवलं आणि मला हुकूम दिला की हा जेवत नसेल तर भरव. मी साडेसहाला चहा पाजला, सातला बटणं लावली, बाराला घास भरवले. तो माझ्याकडे परत आला होता. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? त्या दोन दिवसांत मी सुखात होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्याची बटणं लावत होतो. त्याचा उजवा अंगठा पहिल्या बोटावर हलत होता. दाबायचा, थोडा सरकायचा, पुन्हा दाबायचा. थरथर नव्हती ती. मी तीन दिवस विहिरीआडून चोरून पाहिलं होतं, म्हणून मला ओळखू आलं. सालीखाली डोळा सरकवताना अंगठा असाच चालतो. समोर खुंट नव्हता, काडी नव्हती, आणि तरी तो काम करत होता. मी बटण तसंच सोडलं. वेळ सात वाजून पाच मिनिटं.

‘गुणवंता,’ मी म्हणालो, ‘त्या पट्ट्या म्या सोडल्या. चौथ्या दिवशी. सातही.’

त्याचा अंगठा थांबला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बोलला.

‘कावून?’

पाच महिने मी या माणसाच्या एका शब्दाची वाट पाहिली होती. तो हा शब्द होता, का म्हणून.

मी म्हणालो, ‘मी जळत होतो. तू तिच्याशी बोलते, माह्याशी बोलत नाही.’

त्यानं माझा हात त्याच्या छातीवरून बाजूला केला आणि उरलेली बटणं स्वतः लावली. चार मिनिटं लागली. मग उभा राहिला आणि म्हणाला, ‘चाकू दे.’ माझ्याकडे सकाळी सातला चाकू द्यायचा हुकूम नव्हता. मी साहेबांकडे गेलो, सगळं सांगितलं, पट्ट्यांचंही. साहेबांनी मला एक शब्द ऐकवला तो इथे लिहिण्यासारखा नाही. मग म्हणाले, दे त्याला चाकू. आणि तू सोबत राहायचं, त्याच्या हाताखाली. तो सांगेल ते करायचं.

त्या दिवसापासून नऊ ते अकरा मी गुणवंताचा ऑर्डर्ली झालो. बायजाबाईनं मळ्यातून ताजी डोळकाडी आणली. तिला हसू आवरत नव्हतं. गुणवंतानं जुन्या चिरेच्या खाली नवी चीर दिली. मी मेणातल्या पट्ट्या एकेक करून हातात द्यायचो आणि टोकं धरायचो. तो थोडं थोडं बोलायचा. पट्टी आवळू नको. डोळ्याचं टोक तेवढं उघडं ठेव, साल झाक. गाठ मांगं. मी आयुष्यात इतक्या जणांना बँडेज बांधलं, पण हात थांबवायला मला त्यानं शिकवलं.

त्यानं सहा खुंट बांधले आणि चाकू मिटला. सातवा डबा तसाच राहिला.

मी म्हणालो, हा राहिला.

गुणवंत म्हणाला, ‘मागच्या टायमाले सात बांधले. चार नंबरवर सात होतो ना आमी.’

मी सहा नावं मनात मोजली. मग सातवं.

‘तो माहा होता,’ तो म्हणाला. ‘आता राहू दे.’

बायजाबाई पाणी देत होती, ती थांबली. मला तिच्याकडे पाहवलं नाही. हा माणूस इतके महिने स्वतःला त्या सहा जणांत धरून बसला होता. मी त्याला भरवत होतो, धुवत होतो, नेसवत होतो, जसं मेलेल्याला करतात तसं. ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

बोर्ड सकाळी दहाला बसलं. अध्यक्ष गोरा मेजर होता. बाजूला दोन हिंदी अफसर, समोर आमचे कॅप्टन साहेब. मी दाराशी अटेन्शनमध्ये. गुणवंत कडक इस्त्रीच्या कपड्यांत आला, सगळी बटणं आपापल्या काजात. नाव, नंबर, गाव त्यानं सांगितलं. आवाज बारीक होता. मेजरनं सहा डबे आत मागवले होते, ते टेबलाजवळ ठेवले होते. पट्ट्या बांधलेल्याच होत्या, नऊच दिवस झाले होते.

मेजर तुटक हिंदुस्तानीत म्हणाला, ‘ये लगेगा?’

‘मालूम नहीं, साहब. इक्कीस दिन के बाद बताऊंगा.’

‘एक सूख गया तो?’

‘फिर बांधूंगा.’

‘सब सूख गया तो?’

गुणवंतानं दाराकडे, माझ्याकडे एकदा पाहिलं. ‘एक बार सब सूख गया था, साहब. फिर बांधा.’

मेजरनं कॅप्टन साहेबांकडे पाहिलं आणि कागदावर सही केली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

एकविसाव्या दिवशी सहापैकी चार देठ बोट लावताच गळून पडले. दोन चिकटून राहिले. ते दोन बायजाबाईनं बांधून देते म्हटलं, तर त्यानं नको म्हटलं, घरी जाऊन मीच बांधीन. बडनेऱ्याच्या स्टेशनवर सहा डबे आणि तो असं मी त्याला अकोल्याच्या गाडीत बसवलं. बायजाबाईही आली होती. तिनं त्याच्या खिशात डोळकाड्यांची ओली जुडी कोंबली. गाडी हलली तेव्हा त्यानं हात केला तो तिला. मला वाटलं मलाही केला असेल.

सहा झाडं अकोटच्या शेतात विहिरीजवळ वाढली. गुणवंतानं लग्न केलं, दोन मुलं झाली, कापसाच्या जोडीला संत्री लावली. दर हिवाळ्यात मी जायचो. संत्री उतरली की बाकीच्या झाडांची वरूडला विकायला जायची, त्या सहा झाडांची नाही. ती आम्ही दोघे टोपलीत भरून त्या सहा जणांच्या घरी पोचवायचो, बाळापूरपासून अंजनगावपर्यंत. बायजाबाई वारल्याचं कळलं तेव्हा गुणवंत दोन दिवस जेवला नाही. माझ्यासाठी तो असं कधी उपाशी राहिला असता का, असं तेव्हाही माझ्या मनात आलं. असो. स्वभावाला औषध नाही.

गेल्या हिवाळ्यात गुणवंत गेला. झोपेत, घरी, आपल्या खाटेवर. तेरवी झाल्यावर मी त्याच्या थोरल्या मुलाकडे जंबेरीचं एक रोप मागितलं, आणि त्या सहातल्या एका झाडाची काडी. जुनं बँडेज माझ्याकडे होतं. माझे हात आता थरथरतात. पहिला डोळा हातातून पडला, दुसरा फाटला, तिसरा बसला. डबा मी दर्यापूरला घरी आणून ओसरीवर ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी माझा हात पट्टीकडे गेला. मी हात पाठीमागे घेतला आणि तसाच उभा राहिलो. बायको म्हणाली, काय झालं, गुडघा धरला का? मी हो म्हटलं. पाचव्या दिवशी पुन्हा तसंच. दहाव्या दिवशीही. एकविसाव्या दिवशी सकाळी सात वाजता मी देठाला बोट लावलं. तो गळून पडला.

डबा आता पुन्हा अकोटला आहे, विहिरीजवळ, त्या सहांच्या रांगेत. मुलानं विचारलं, काका, या झाडांची नावं काय? बाबा मोजायचे, पण मोठ्यानं कधी बोलले नाहीत. मी त्याला लिहून दिली, तशीच इथेही देतो.

हवालदार किसन इंगोले, बाळापूर. लान्स नायक देवराव गावंडे, मूर्तिजापूर. सिपाही सदाशिव तायडे, दर्यापूर. सिपाही शामराव कडू, चांदूर. सिपाही भगवान ढोरे, तेल्हारा. सिपाही उकर्डा खंडारे, अंजनगाव. हे सहा जण चार नंबरच्या पोस्टवर, एकाच दुपारी.

सिपाही गुणवंत नाठे, अकोट. त्याच पोस्टवरचा. पंचवीस वर्षांनंतर, घरी.